सहाव्या कोर्टाचा हिशेब

२०२१ च्या मे महिन्यात फ्लोरिडा विद्यापीठाच्या पुरुष संघाने ओरलँडोमध्ये बेलर विद्यापीठाला हरवून अमेरिकी कॉलेज टेनिसचं सांघिक विजेतेपद पहिल्यांदाच मिळवलं. निर्णायक गुण मिळवून देणारा खेळाडू संघातला पहिल्या नंबरचा नव्हता, दुसऱ्या-तिसऱ्याही नव्हता. पाचव्या नंबरवर खेळणारा, पहिल्याच वर्षात शिकणारा तो डावखुरा मुलगा म्हणजे बेन शेल्टन. पुढच्याच वर्षी त्याने वैयक्तिक विजेतेपद जिंकलं आणि २०२३ मध्ये तो अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत खेळला. हे उदाहरण टोकाचं आहे हे खरं, पण आपल्याकडे टेनिस खेळणाऱ्या मुलामुलींच्या घरी हमखास निघणाऱ्या एका प्रश्नाला ते नेमकं भिडतं: अमेरिकेतल्या कॉलेजकडून खेळायचं तर खेळ किती चांगला हवा? या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एखाद्या आकड्यात किंवा ‘राष्ट्रीय पातळी’सारख्या मोघम शब्दांत दिलं जातं. दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. कॉलेज टेनिसची पातळी संघातला सर्वोत्तम खेळाडू ठरवत नाही, ती ठरवतो संघात जेमतेम जागा मिळवणारा सहावा खेळाडू. आणि त्याच्याकडून अपेक्षा असते ती वाईट दिवशीही टिकणाऱ्या खेळाची.

हे का, ते कळण्यासाठी सामन्याची रचना पाहावी लागते. अमेरिकी कॉलेज खेळांची मुख्य संघटना एनसीएए. तिच्या पहिल्या विभागात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, दोन संघांच्या लढतीत आधी दुहेरीचे तीन सामने होतात, प्रत्येकी सहा गेमच्या एकाच सेटचे. त्यांतले दोन जिंकणाऱ्या संघाला मिळून एकच गुण. मग एकेरीचे सहा सामने सहा कोर्टांवर एकाच वेळी सुरू होतात आणि प्रत्येकाला एक गुण. एकूण गुण सात, चार आधी मिळवेल तो संघ जिंकला. खेळाडूंना ताकदीच्या क्रमानेच उतरवावं लागतं. चांगल्या खेळाडूला मुद्दाम खाली लपवता येत नाही. आता हिशेब करा. एखाद्या संघाकडे देशातले दोन सर्वोत्तम खेळाडू आहेत आणि दुहेरीचा गुणही त्यांनी मिळवला, तरी गुण होतात तीन. चौथा गुण तिसऱ्या ते सहाव्या कोर्टावरूनच यावा लागतो. दुहेरीचा गुण गेला असेल तर खालच्या चौघांपैकी निदान दोघांना जिंकावंच लागतं. पहिल्या कोर्टावरचा देदीप्यमान विजय आणि सहाव्या कोर्टावरचा रखडत मिळालेला विजय, गुणफलकावर दोन्हींची किंमत सारखीच. म्हणून प्रशिक्षकाची झोप उडते ती तळाच्या दोन जागांच्या काळजीने, आणि नव्या खेळाडूची गरजही बहुधा तिथेच असते.

गुणांची पद्धतही याच दिशेने ढकलते. डिव्हिजन वनमध्ये ड्यूसनंतर ‘ॲडव्हांटेज’ नसतो. चाळीस-चाळीस झालं की एकाच गुणावर गेम ठरतो, आणि सर्व्हिस कोणत्या बाजूला घ्यायची हे परतवणारा खेळाडू ठरवतो. पुरुषांच्या डिव्हिजन वनमध्ये सर्व्हिस जाळीला घासून आत पडली तरी ‘लेट’ नाही, चेंडू चालू. ॲडव्हांटेज असताना वरचढ खेळाडू लांबलेल्या गेममध्ये शेवटी आपली ताकद दाखवतो. इथे ती संधीच कमी होते. सामन्यात असे आठ-दहा निर्णायक गुण येतात आणि त्या प्रत्येक वेळी दुसरी सर्व्हिस धडपणे आत टाकणं, ती खोल परतवणं आणि पुढचे चार फटके चूक न करता खेळणं एवढंच लागतं. शेजारच्या कोर्टावर सहकारी ओरडत असतात, प्रेक्षक मोठ्याने चिडवत असतात, दोन गुणांच्या मध्ये प्रशिक्षक येऊन कानात काही सांगून जातो. अनेक लढतींत चेंडू आत की बाहेर हा निर्णय खेळाडूंनी स्वतःच द्यायचा असतो. जानेवारी-फेब्रुवारीत उत्तरेकडचे संघ छताखालच्या वेगवान हार्ड कोर्टवर खेळतात, एप्रिलमध्ये तेच खेळाडू दक्षिणेच्या उघड्या वाऱ्यात उतरतात. क्लबच्या शांत कोर्टावर देखणा दिसणारा फोरहँड या सगळ्यात किती टिकतो, हा वेगळाच विषय आहे.

मग कौशल्य मोजायचं कसं? सर्वांत प्रचलित माप म्हणजे युनिव्हर्सल टेनिस रेटिंग, खेळाडूंच्या तोंडी यूटीआर. त्याची पट्टी १ पासून १६.५ पर्यंत, आणि स्त्री-पुरुष, लहान-मोठे, सगळ्या देशांतले खेळाडू तिच्यावर एकत्र. गेल्या बारा महिन्यांतले जास्तीत जास्त तीस सामने धरून, प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीच्या मानाने तुम्ही किती टक्के गेम जिंकले यावरून हा आकडा निघतो. जिंकलात की हरलात याला त्यात दुय्यम स्थान आहे. तुमच्यापेक्षा बऱ्याच वरच्या खेळाडूकडून ६-४, ६-४ असे हरलात तर तुमचा आकडा वाढू शकतो, आणि बऱ्याच खालच्याला ७-५, ७-६ असं हरवलंत तर तो घसरू शकतो. जिल्हा किंवा राज्य मानांकनात स्पर्धा जिंकण्याचे गुण मिळतात. सोपा ड्रॉ, नामांकित खेळाडूची अनुपस्थिती, जास्त स्पर्धांत नाव नोंदवणं, या सगळ्याने मानांकन वर जातं. टेक्सासमध्ये बसलेल्या प्रशिक्षकाला आपल्याकडच्या एखाद्या राज्यातल्या सातव्या मानांकनाचा अर्थ लावणं अशक्य आहे. आकड्याचा अर्थ मात्र तो लगेच लावतो. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचं वर्ल्ड टेनिस नंबर हे मापही वापरात आहे. त्याची पट्टी उलटी, ४० पासून १ कडे, आणि १ सर्वोत्तम.

आता आकडे सांगायला हरकत नाही, पण ते ढोबळ आहेत आणि दरवर्षी सरकतात हे आधीच ध्यानात घ्यावं. पुरुषांच्या डिव्हिजन वनमध्ये सर्वोच्च पंधरा-वीस संघांत सहाव्या जागेवरचा खेळाडूसुद्धा साधारण साडेबाराच्या आसपास असतो, पहिला तेराच्या पुढे. मधल्या फळीतल्या संघांत ही जागा अकरा-बारापर्यंत उतरते, तळाच्या संघांत दहाच्या घरातही येते. महिलांच्या बलाढ्य संघांत सहावी खेळाडू साडेनऊ-दहाच्या घरात, पहिली अकराच्या आसपास. तळाच्या संघांत आठ किंवा त्याहून थोडं कमी. गंमत अशी की विभागांच्या नावांवरून जी उतरंड डोळ्यांपुढे येते, ती आकड्यांत दिसत नाही. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, म्हणून तो हौशी लोकांचा असा समज आहे. प्रत्यक्षात २०२२ मध्ये तिथलं पुरुषांचं विजेतेपद मिळवणारं शिकागो विद्यापीठ, किंवा एमोरी, विल्यम्स, टफ्ट्स यांसारख्या संस्थांचे संघ डिव्हिजन वनच्या खालच्या अर्ध्या भागातल्या अनेक संघांना सहज अडचणीत आणतील. तिथे जाणारी मुलं डिव्हिजन वनची पातळी असूनही अभ्यासासाठी ती जागा निवडतात. उलट आयव्ही लीग डिव्हिजन वनमध्ये असूनही खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही. दुसरा विभाग, एनएआयए ही वेगळी संघटना आणि दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं यांतही काही संघ इतके तगडे आहेत की त्यांचे पहिले दोन खेळाडू कुठेही खपतील. तेव्हा ‘डिव्हिजन वन खेळायचंय’ हे वाक्य पातळीबद्दल फारसं काही सांगत नाही. कोणत्या संघाची कितवी जागा, हे सांगितल्यावरच ते अर्थपूर्ण होतं.

ही जागा अवघड कशी होते, हे रांगेत कोण उभं आहे यावरून कळतं. अमेरिकेतल्या शालेय टेनिसपटूंपैकी एनसीएएच्या तिन्ही विभागांत मिळून पोहोचणारे शेकडा पाचच्या आसपास आहेत, डिव्हिजन वनमध्ये तर दोनहून कमी. त्यांच्याशी स्पर्धा करायला जगभरातून मुलं येतात. डिव्हिजन वनच्या टेनिस संघांत परदेशी खेळाडूंचं प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक आहे; इतकं मोठं प्रमाण अमेरिकी कॉलेज खेळांत क्वचितच दिसतं. स्पेन, फ्रान्स, जर्मनी, ब्रिटनमधली मुलं क्लबच्या लीगमध्ये प्रौढांशी खेळून तयार झालेली असतात, काहींनी व्यावसायिक स्पर्धांच्या पात्रता फेऱ्याही खेळलेल्या असतात. शाळा संपल्यावर फार काळ केवळ स्पर्धा खेळत राहिलं तर पात्रतेची वर्षं कमी होतात, तरी एकोणीस-वीस वर्षांचा नवागत ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल आलं आणि एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणं सोपं झालं. म्हणजे सतरा वर्षांच्या शाळकरी मुलाची तुलना आता शेजारच्या शाळेतल्या मुलाशी होत नाही. ती होते बावीस वर्षांच्या, तीन मोसम खेळलेल्या, अंगाने भरलेल्या पुरुषाशी. प्रशिक्षकाला पुढच्या मोसमात जिंकायचं असतं, त्यामुळे तयार माल कोणता आणि कच्चा कोणता याचा विचार तो निर्दयपणे करतो.

पैशाचं गणितही या रांगेला आकार देतं. २०२५ पर्यंत डिव्हिजन वनमध्ये पुरुषांच्या टेनिस संघाला एकूण साडेचार शिष्यवृत्त्या देता येत आणि त्या आठ-दहा जणांत वाटल्या जात. महिलांच्या संघाला मात्र पूर्ण आठ. शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याचा हा परिणाम. अमेरिकी फुटबॉलच्या संघात पुरुषांची मोठी संख्या असल्यामुळे तोल साधायला महिलांच्या इतर खेळांना जास्त जागा द्याव्या लागल्या. पूर्ण शिष्यवृत्ती मिळणाऱ्या मुलींची संख्या त्यामुळे जास्त राहिली आणि महिलांचे संघही पुरुषांपेक्षा संख्येने अधिक आहेत. जून २०२५ मध्ये कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याबाबतच्या ‘हाउस’ खटल्याच्या तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली आणि त्यात सहभागी झालेल्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्तीची मर्यादा जाऊन संघाच्या संख्येची मर्यादा आली: टेनिससाठी दहा. कागदावर दहाही जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. पण परवानगी मिळाली म्हणजे तिजोरी भरली असं होत नाही; त्याच तडजोडीमुळे विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली, ते मुख्यतः फुटबॉल-बास्केटबॉलकडे जातात आणि टेनिससारख्या खेळांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. शिवाय दहाची मर्यादा म्हणजे अकरावा, बारावा खेळाडू म्हणून आत शिरून दोन वर्षांत वर येण्याची वाटही अरुंद झाली.

इथे एक आक्षेप रास्त आहे. सगळे विभाग आणि संघटना मिळून अमेरिकेत हजाराहून अधिक कॉलेजांत टेनिस खेळलं जातं. मग बऱ्यापैकी खेळणाऱ्या कुणालाही कुठे ना कुठे जागा मिळेलच. हो, मिळेल. यूटीआर सात-आठच्या मुलाला खेळायला देणारी छोटी कॉलेजं नक्की आहेत. पण या उत्तराने मूळ प्रश्न सुटत नाही, तो फक्त सरकतो. खेळाडूला संघात नाव हवं आहे की कोर्टवर जागा? मोसमात साधारण वीस-पंचवीस लढती, आठवड्याला वीस तासांपर्यंत सराव, बसचे आणि विमानाचे प्रवास, त्यातच परीक्षा. एवढं करून बाकावर बसणाऱ्याचा खेळ वाढत नाही. वरच्या संघात नववा असण्यापेक्षा दोन पायऱ्या खालच्या संघात चौथा असणं खेळासाठी चांगलं. पालकांना हे पटायला जड जातं, कारण विद्यापीठाचं नाव नातेवाइकांना सांगता येतं, कोर्टाचा नंबर सांगता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. प्रशिक्षक केवळ आकडा पाहून निवड करतात हे खरं नाही. ते उंची पाहतात, सर्व्हिसचा वेग पाहतात, पुढे किती वाढेल याचा अंदाज बांधतात. जॉर्जिया विद्यापीठाकडून खेळलेल्या जॉन इस्नरसारखा सहा फूट दहा इंच उंचीचा मुलगा समोर असेल तर आकडा कोण पाहणार? यात तथ्य आहे, विशेषतः वरच्या संघांत. पण संभाव्य वाढीवर पैसे लावण्याची मुभा त्यांनाच असते ज्यांच्या खालच्या जागा आधीच भरलेल्या आहेत. बाकीच्यांना सहाव्या कोर्टावर येत्या फेब्रुवारीत जिंकणारा माणूस हवा असतो. म्हणून परदेशातून चित्रफीत पाठवणाऱ्या मुलांनी निवडक विजयी फटके जोडून पाठवले की अनुभवी प्रशिक्षक मान हलवतो आणि पूर्ण सेट मागतो. त्याला पाहायचं असतं, ३-४ अशी पिछाडी असताना हा मुलगा काय करतो, दोन दुहेरी चुकांनंतर त्याची चाल बदलते का, थकल्यावर पाय हलतात का. दुहेरीचा खेळही तो पाहतो, कारण पहिला गुण तिथे आहे आणि व्हॉली न येणारा एकेरीचा चांगला खेळाडू संघाला अर्धाच उपयोगी पडतो. आपल्या ज्युनिअर स्पर्धांत दुहेरीकडे ‘खेळून टाकू’ म्हणून पाहण्याची सवय इथे महागात पडते.

तिसरा आक्षेप वेगळ्याच टोकाचा: ज्याला व्यावसायिक खेळायचं आहे तो कॉलेजात जात नाही, म्हणजे कॉलेज टेनिस ही उरलेल्यांची सोय आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकात सर्वोत्तम मुलं सोळा-सतराव्या वर्षीच व्यावसायिक होऊ लागली तेव्हा हे बऱ्याच अंशी खरं होतं. आज तसं म्हणता येत नाही. २०१८ च्या विम्बल्डनच्या उपांत्य सामन्यात पाचवा सेट २६-२४ असा संपला. त्यात समोरासमोर उभे असलेले केविन अँडरसन आणि जॉन इस्नर हे दोघेही कॉलेजातून आलेले, एक इलिनॉयचा, दुसरा जॉर्जियाचा. डॅनिएल कॉलिन्सने व्हर्जिनियाकडून २०१४ आणि २०१६ मध्ये वैयक्तिक विजेतेपद जिंकलं आणि २०२२ मध्ये ती ऑस्ट्रेलियन ओपनची अंतिम फेरी खेळली. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा कॅमेरॉन नॉरी, व्हर्जिनियाचीच एमा नॅव्हारो, दोघेही ग्रँड स्लॅमच्या उपांत्य फेरीपर्यंत गेले. २०२५ मध्ये शांघायच्या मास्टर्स स्पर्धेत अंतिम सामना खेळणारे व्हॅलेंटिन व्हॅशेरो आणि आर्थर रिंडरनेश हे नात्याने भाऊ, आणि दोघेही टेक्सास ए अँड एमचे. पुरुषांचं टेनिस आता शारीरिकदृष्ट्या इतकं जड झालं आहे की विशीच्या मध्यावर खेळ पिकतो. चार वर्षं पगारी प्रशिक्षक, व्यायामतज्ज्ञ आणि फुकट कोर्ट मिळवून शिकणं हा शहाणपणाचा मार्ग ठरू लागला आहे. याचा अर्थ मात्र आपल्या प्रश्नापुरता स्पष्ट आहे: वरची मुलं कॉलेजात आली की खालच्या सगळ्या जागा एकेक पायरी वर सरकतात.

भारतीयांच्या बाबतीत हाच हिशेब तपासून पाहता येतो. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं एकेरीचा विजेता ठरला. २००७ च्या अंतिम सामन्यात त्याने इस्नरला तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये हरवलं आणि २००८ च्या मोसमात ४४ सामने जिंकून एकच गमावला. पुढे इस्नर जगात आठवा झाला, सोमदेवची सर्वोत्तम मजल बासष्टपर्यंत गेली. दोघांचं कॉलेजातलं अंतर मात्र एका टायब्रेकचं होतं. जबरदस्त सर्व्हिस नसलेला, पाय आणि चिकाटीवर जिंकणारा हा खेळाडू कॉलेजच्या रचनेला किती नेमका बसतो हे यातून दिसतं. आपल्याकडची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत तिने मिश्र दुहेरीचं सुवर्ण मिळवलं. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून, सिद्धांत बांठिया वेक फॉरेस्टकडून खेळला. अमेरिकेत पोहोचण्याआधी हे खेळाडू आंतरराष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धांत खेळलेले होते. राज्याच्या स्पर्धा जिंकून थेट तिथे गेले असं यांच्यापैकी कुणाबद्दलही म्हणता येणार नाही. परक्या कोर्टावर, अनोळखी प्रतिस्पर्ध्यासमोर, आठवड्यामागून आठवडे खेळण्याची सवय त्यांनी आधीच लावून घेतली होती, आणि यूटीआरसारखा आकडा नेमका याच सवयीचा साक्षीदार असतो.

म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला या वाटेने जायचं असेल तर आधी ज्या संघांना पत्र लिहायचं मनात आहे त्यांची गेल्या मोसमाची निकालपत्रं काढावीत; प्रत्येक विद्यापीठ ती आपल्या संकेतस्थळावर ठेवतं. पहिल्या-दुसऱ्या नंबरकडे न बघता चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या नंबरवर कोण खेळलं, त्यांचे आकडे किती, त्यांतले किती जण या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडत आहेत, एवढं टिपावं. मग स्वतःच्या गेल्या तीस सामन्यांतले गेम मोजावेत, हरलेले सामनेही धरून. अंतर अर्ध्या-पाऊण आकड्याचं असेल तर पत्र जरूर लिहावं आणि सोबत एक हरलेला पूर्ण सेट पाठवावा. अंतर दोनाचं असेल तर खालचा संघ निवडावा, किंवा वर्षभर थांबून आपल्याहून बऱ्या खेळाडूंशी खेळायची सोय लावावी.